जांभा चिरा : घेताना काय पाहावे, बांधताना काय सांभाळावे आणि सड्यावर काय उरते

रत्नागिरी-सिंधुदुर्गात घर बांधायला काढले की गवंडी पहिल्यांदा विचारतो, चिरा कुठल्या खाणीचा घेणार? सिमेंट, सळई, वाळू यांची बोलणी नंतर. त्याचे बरोबरच आहे. सिमेंटची गोणी कुठल्याही दुकानातून आणली तरी माल साधारण सारखाच निघतो. चिऱ्याचे, म्हणजे जांभा दगडातून कापलेल्या ठोकळ्याचे, तसे नाही. एकाच सड्यावरच्या, म्हणजे जांभ्याच्या एकाच उघड्या पठारावरच्या, दोन खाणींत फरक असतो, आणि एकाच खाणीतल्या वरच्या नि खालच्या थरांतही असतो. त्यामुळे इथे कुठल्या एका खाणीचे किंवा पुरवठादाराचे परीक्षण केलेले नाही. चिरा या मालाचेच केले आहे, आणि त्यात तो ज्या सड्यातून कापून निघतो त्या सड्याचाही हिशोब धरला आहे. चिऱ्याच्या बिलात तो हिशोब कधीच लागत नाही.

आधी निकाल. जमिनीवरच्या भिंतींसाठी जांभा आजही कोकणातला सर्वांत योग्य माल आहे. सतत ओल्या राहणाऱ्या पायासाठी काळा दगड त्याच्याहून चांगला. खाऱ्या वाऱ्याच्या थेट तोंडावर जांभा उघडा ठेवू नये. आणि नुसत्या शोभेच्या कंपाउंडसाठी नवा चिरा लावणे ही सड्याची नासाडी आहे.

दगड कसा झाला, तसा तो वागतो

जांभा पावसाने घडवलेला दगड आहे. मूळ खडक काळा, म्हणजे बेसाल्ट, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा. चार महिने धो-धो पाऊस आणि आठ महिने कोरडे ऊन, हे चक्र त्यावर प्रदीर्घ काळ फिरले. सिलिका आणि विरघळणारी द्रव्ये पाण्याबरोबर निघून गेली, लोखंड आणि ॲल्युमिनियमची ऑक्साइडे मागे राहिली. लोखंडामुळे रंग तांबडा झाला, आणि जे वाहून गेले त्याच्या जागी भोके, नळ्या, पोकळ्या राहिल्या. ईस्ट इंडिया कंपनीतला डॉक्टर फ्रान्सिस बुकॅनन याने १८०७ साली केरळातल्या अंगाडिपुरमच्या अशाच दगडाला लॅटराइट हे नाव दिले, ते लॅटिनमधल्या विटेच्या शब्दावरून. जमिनीत असताना हा दगड हत्याराने कापता येईल इतका मऊ असतो आणि हवेला लागला की कडक होतो, ही गोष्ट त्यानेही नोंदवून ठेवली आहे.

चिऱ्याचे बहुतेक गुणदोष या दोन गोष्टींतून निघतात : तो पाणी पितो, आणि तो हवेत पक्का होतो. ज्या गवंड्याला ही दोन वाक्ये पटलेली आहेत त्याचे बांधकाम सहसा बिघडत नाही.

माप आणि संख्या

बाजारात चालणारा नग साधारण १५ × ९ × ७ इंचांचा. खाणीगणिक इंच-अर्धा इंच इकडेतिकडे होतो, म्हणून गाडी उतरवण्याआधी पाच-सहा नग टेपने मोजावेत. एकाच भिंतीत दोन खाणींचे चिरे लावायची वेळ आली तर थराची उंची जुळत नाही, मग गवंडी सांध्यात माल (सिमेंट-वाळूचे मिश्रण) भरून ती जुळवतो, आणि भिंतीची ताकद तिथेच कमी होते.

सांधा अर्धा इंच धरला तर १०० चौरस फूट नऊ इंची भिंतीला सुमारे १२४ चिरे लागतात. तुटफूट धरून १३२ ते १३५ मागवा. ३० × ३० फुटांचे, १० फूट उंचीचे घर, आतल्या भिंती ६० फूट, दारे-खिडक्या वजा, अशा घराच्या भिंतींना साधारण दोन हजार चिरे होतात. जोत्याचे धरून अडीच हजारांची तयारी ठेवावी. कोरडा चिरा ३० किलोच्या आसपास भरतो, म्हणजे हा ७५ टन माल झाला. दरात खाणीपेक्षा वाहतुकीचा वाटा मोठा होतो तो या वजनामुळे. चाळीस किलोमीटरवरचा ‘स्वस्त’ चिरा दारात येईपर्यंत जवळच्या चांगल्या चिऱ्याइतकाच पडतो, हा हिशोब आधी करून पाहा.

चिरा पारखणे

खाणीवर जाऊनच माल ठरवावा. दुपारची वेळ नको. सकाळच्या तिरक्या उन्हात दगडाचा पोत नीट दिसतो.

खाणीच्या उभ्या कापाकडे पाहा. सगळ्यात वर कातळ असतो, काळपट, टणक, खडबडीत. तो यंत्राच्या पात्याला जड जातो आणि त्याचा नग सरळ निघत नाही. त्याखालचे काही थर उत्तम : तांबूस तपकिरी रंग, भोके बारीक आणि सगळीकडे सारखी, भोकांच्या कडा लोखंडासारख्या चकचकीत. आणखी खाली गेले की रंग पिवळट होतो, पांढरे पट्टे दिसू लागतात, भोकांत चिकणमाती भरलेली असते. शेवटी नुसती पांढरट-पिवळट माती लागते. खाणवाल्याला तो खालचा मालही विकायचा असतो. तो घेऊ नका. ओला असताना तो छान तांबडा दिसतो. वाळल्यावर पिवळे डाग उघडे पडतात. म्हणून आजच कापलेला आणि ओला नग पाहून निर्णय कधीच करू नये.

हातातला एक नग नीट बघा. पिवळ्या डागावर खिळ्याचे टोक दाबून फिरवा. खिळा सहज आत गेला आणि पिठासारखी माती निघाली तर तिथे पावसाळ्यात खड्डा पडणार. असा डाग बोटाच्या पेराएवढा असेल तर हरकत नाही, तळहाताएवढा असेल तर नग बाजूला. मग दुसऱ्या चिऱ्यावर उभा ठेवून हातोडीने हलकेच वाजवा. चांगला चिरा खणखणतो. आत चीर किंवा मातीची पोकळी असली की आवाज बद्द येतो. शंभरात आठ-दहा नग बद्द वाजले तर चालवून घ्या आणि ते आतल्या भिंतीला वापरा. पंचवीस-तीस वाजले तर खाण बदला.

पाण्याची परीक्षा सगळ्यांत खरी आणि ती कुणालाही घरी करता येते. तीन नग चार-पाच दिवस कडक उन्हात वाळवा, वजन करा, २४ तास पाण्यात बुडवून ठेवा, बाहेर काढून फडक्याने पुसा, पुन्हा वजन करा. भारतीय मानक ३६२० प्रमाणे बांधकामाच्या जांभ्याने वजनाच्या १२ टक्क्यांहून जास्त पाणी पिऊ नये. म्हणजे ३० किलोचा नग भिजून ३३ किलो ६०० ग्रॅमच्या आत राहिला पाहिजे. त्याच मानकात दाबाची किमान ताकद दर चौरस मिलिमीटरला ३.५ न्यूटन दिली आहे. ती मात्र प्रयोगशाळेतच तपासावी लागते. एकमजली घराच्या वजनाने चिरा चिरडत नाही, तो पाण्याने बिघडतो. तेव्हा दोन्हींपैकी एकच परीक्षा जमणार असेल तर पाण्याची करा.

याहूनही चांगली परीक्षा म्हणजे एक पावसाळा. सवड असेल तर चिरे आदल्या उन्हाळ्यात आणून अंगणात रचून ठेवावेत. आडवे गच्च रचू नयेत. उभे, दोन नगांत बोटभर फट ठेवून, खाली दगडाचे तुकडे घालून रचावेत म्हणजे हवा खेळते. पावसाळा संपल्यावर जे नग कोपऱ्यांना झडलेले दिसतील ते भिंतीत गेले असते तर तिथेही झडलेच असते. उरलेले पक्के झालेले असतात. एवढा वेळ नसेल तर निदान दोन महिने तरी ऊन-वारा लागू द्या. खाणीतून थेट भिंतीवर चढवलेला चिरा वाळताना किंचित आकसतो, आणि मग सांध्यांच्या कडेने केसासारख्या चिरा पडतात.

पाया आणि जोते

घराची जागा कातळावर असेल तर काम सोपे : वरची सैल माती काढून कातळ झाडून घ्या, उतार असेल तर पायरीसारखे सपाट टप्पे तासा आणि त्यावरच बांधकाम उभे करा. खाडीकाठच्या किंवा मळ्याच्या जमिनीत मात्र जांभ्याचा पाया घालू नये. भिजलेल्या जांभ्याची ताकद कोरड्यापेक्षा बरीच कमी असते, आणि तिथली जमीन वर्षातले सहा महिने ओलीच राहते. तिथे जमिनीपर्यंत काळा दगड आणि वर जांभा, ही जुनी पद्धतच बरोबर आहे.

जोते अंगणापासून निदान दोन फूट उंच घ्यावे. पागोळीचे पाणी अंगणात आपटून उडते ते दीड-दोन फुटांपर्यंत भिंत रोज भिजवते. जुन्या घरांची जोती उंच असतात त्याचे हेही एक कारण. जोत्याच्या माथ्यावर ओलरोधक थर हवाच. तो गाळला तर ओल चिऱ्याच्या नळ्यांतून दोन-तीन फूट चढते, आतल्या गिलाव्याला लोणा (क्षाराचा पांढरा थर) लागतो, रंगाचे पोपडे सुटतात, आणि घरमालक दरवर्षी रंगाच्या कंपनीला दोष देत राहतो. रंगाचा त्यात काही दोष नसतो.

भिंत

चिरा लावण्याआधी भिजवणे ही सर्वांत जास्त टाळली जाणारी पायरी आहे. कोरडा चिरा मालातले पाणी ओढून घेतो, सिमेंटला पक्के व्हायला पाणी उरत नाही, आणि सांधा भुसभुशीत राहतो. तो बोटाने खरवडला तरी सुटतो. चिरा चांगला भिजवावा आणि वरचे पाणी निथळल्यावर लावावा. ओथंबलेला लावला तर माल घसरतो आणि नग जागेवर बसत नाही.

माल १:६ चा पुरे, म्हणजे एक भाग सिमेंट, सहा भाग वाळू. ‘मजबूत हवे’ म्हणून १:३ किंवा १:४ करू नका. सांधा चिऱ्याहून कडक आणि घट्ट झाला की भिंतीत शिरलेले पाणी सांध्यातून बाहेर पडू शकत नाही, चिऱ्याच्या तोंडातूनच निघते, आणि मग चिरा झिजत जातो नि सांधे मात्र बाहेर आलेल्या चौकटीसारखे दिसू लागतात. चुन्यात काम करणारा गवंडी मिळत असेल तर चुना जास्त चांगला. खारी वाळू कुठल्याच मालात चालत नाही, चुन्याच्याही नाही.

उभे सांधे एकावर एक येऊ देऊ नयेत, निदान चार इंचांची सांधामोड हवी. कोपऱ्यात नग आळीपाळीने एकमेकांत गुंतले पाहिजेत. दिवसाला चार-पाच थरांपेक्षा जास्त चढवू नका, दर थराला ओळंबा लावा, आणि सात दिवस पाणी मारा. दार-खिडक्यांवरच्या लिंटेलला दोन्ही बाजूंना ९ इंच टेकू द्या. जोते, लिंटेल आणि छप्पर अशा तीन पातळ्यांवर काँक्रीटचा सलग पट्टा घ्यावा. पैसे कमी असले तर लिंटेलचा तरी घ्यावाच. ११ डिसेंबर १९६७ चा कोयनेचा भूकंप घाटाच्या पलीकडे नाही, घाटाच्या अगदी माथ्याशी झाला होता, हे कोकणात घर बांधणाऱ्याने विसरू नये. चिऱ्याची भिंत वजन उत्तम पेलते, पण आडव्या हादऱ्याला तिला बांधून ठेवणारे काहीतरी लागते.

विजेच्या नळ्यांसाठी भिंत झाल्यावर खाचा मारल्या तर चिरा पिवळ्या डागांपाशी फुटतो. नळ्या कुठून न्यायच्या ते आधी ठरवा.

उघडा ठेवावा की गिलावा करावा?

आजकाल उघड्या चिऱ्याचे घर म्हणजे ‘अस्सल कोकणी घर’ असे समजले जाते. फार्महाउस, होमस्टे, रिसॉर्ट सगळे तसेच बांधतात. यात अर्धेच खरे आहे. जुन्या घरांच्या कित्येक भिंती मातीने किंवा चुन्याने लिंपलेल्या असत. उघडा चिरा असे तो खोल वळचणीखाली, नाहीतर गडगा (कुंपणाची दगडी भिंत), पाखाडी (दगडी पायवाट), विहीर अशा ठिकाणी, जिथे थोडी झीज झाली तरी चालते.

उघड्या जांभ्याचे काय होते याचे ठसठशीत उदाहरण जुन्या गोव्यात उभे आहे. १६०५ साली पवित्र केलेले बॉम जेजसचे चर्च जांभ्याचे आहे आणि मुळात त्याच्या भिंतींना चुन्याचा गिलावा होता. १९५० च्या दशकात दगड दिसावा म्हणून तो काढला. साडेतीनशे वर्षे गिलाव्याखाली सुरक्षित राहिलेला जांभा त्यानंतर पावसात झिजू लागला, आणि गिलावा पुन्हा करावा की नाही हा वाद आजही चालू आहे. त्या चर्चच्या तांबड्या भिंतींचे फोटो पाहून घराचा नकाशा ठरवणाऱ्यांनी एवढे ध्यानात घ्यावे.

मग करावे काय? पश्चिम आणि नैर्ऋत्य बाजूच्या भिंतींवर पावसाची झड थेट येते. त्या बाजूला चुन्याचा गिलावा करा, किंवा पडवी काढून वळचण तीन फूट पुढे आणा. मिरगाआधी पडवीला झाप (झावळ्यांचा आडोसा) बांधायची पद्धत याच झडीसाठी होती, आणि आजही ती कुठल्याही रसायनाहून स्वस्त नि परिणामकारक आहे. पूर्वेची आणि उत्तरेची भिंत खुशाल उघडी ठेवा. दर्जा भरताना, म्हणजे सांध्यांची बाहेरची तोंडे भरताना, माल चिऱ्याच्या तोंडापासून किंचित आत ठेवा, बाहेर फुगवून पट्टे काढू नका. त्या पट्ट्यांवर पाणी थांबते आणि आधी तिथेच शेवाळ धरते.

समुद्रापासून हाकेच्या अंतरावर आणखी एक शत्रू आहे, मीठ. वाऱ्याबरोबर आलेले खारे थेंब चिऱ्याच्या भोकांत शिरतात, उन्हाने पाणी उडते, मिठाचे स्फटिक वाढतात आणि आतून दगडाला रेटतात. भिंतीवर हात फिरवला की तांबडे पीठ हाताला लागते, ते याचे लक्षण. विजयदुर्गासारख्या किल्ल्याच्या तटातही जांभा आहे आणि तो टिकला आहे, पण ते तट कित्येक हात जाडीचे आहेत. नऊ इंची भिंतीला तेवढी झीज परवडत नाही. किनाऱ्यालगत बाहेरून चुन्याचा गिलावा हाच मार्ग, आणि तो दर काही वर्षांनी नवा करायचा असतो हे मान्य करूनच.

चमकदार वॉर्निश मारू नका. पहिल्या वर्षी घर तेल लावल्यासारखे दिसते. दुसऱ्या पावसाळ्यात छपरातून, जोत्यातून, सांध्यातून आत शिरलेले पाणी त्या थरामागे अडकते, थर पांढुरका होऊन सुटतो, आणि सुटताना चिऱ्याचे वरचे कवचही घेऊन जातो. काही मारायचेच असेल तर वाफ बाहेर जाऊ देणारे सिलिकॉनचे जलरोधक घ्या, आणि तेही भिंत पूर्ण वाळल्यावर, मार्च-एप्रिलमध्ये.

सिमेंटचे ब्लॉक आणि वीट यांच्याशी तुलना थोडक्यात. सिमेंटचा ब्लॉक मापाला सरळ, काम भराभर होते, पण उन्हाळ्यात घर जास्त तापते. वीट लागणार म्हणजे भट्टी, भट्टीला जळण आणि शेताची वरची सुपीक माती. चिऱ्याला भाजावे लागत नाही, कापला की तयार. त्याची किंमत आपण वेगळ्या ठिकाणी मोजतो.

सड्याचा हिशोब

सातबाऱ्यावर सड्याची नोंद बहुधा पोटखराब किंवा वरकस अशी असते. कागदावर ती पडीक जमीन. प्रत्यक्षात गावाचे पाणी तिथे साठते. रत्नागिरीला सरासरी तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. त्यातले पाणी सच्छिद्र जांभ्यात मुरते, खालच्या पांढरट चिकणमातीवर अडते आणि सड्याच्या कडेला, उताराच्या पोटात झरा होऊन बाहेर पडते. कोकणातल्या वाड्या नेमक्या कुठे वसल्या आहेत ते पाहा : वर सडा, खाली भाताचे मळे, आणि मधल्या उतारावर, झऱ्याच्या आणि विहिरीच्या पट्ट्यात, घरे. माणसांनी वस्तीची जागा दगडाच्या आणि मातीच्या सांध्यावरून ठरवली. मग त्याच सड्यावरून चिरे काढून घर, विहीर, पाखाडी, गडगा बांधला, पावसाळ्यानंतर तिथलेच गवत कापून गुरांना घातले. हाताने कापायच्या काळात एका वाडीची खाण अंगणाएवढी असे. चाकाच्या यंत्राने ती बघता बघता मैदानाएवढी होते.

वर मोजलेल्या घराचेच उदाहरण पुढे नेऊ. अडीच हजार चांगले नग हवेत. कापताना तीनांत एक वाया जातो असे धरले तर पावणेचार हजार कापावे लागतील. पात्याची जागा धरून एका नगाला खाणीत सुमारे एक चौरस फूट लागतो. दहा थर खाली गेले, म्हणजे सव्वासहा फूट, तर एका घरासाठी सड्याचा ३८० चौरस फूट तुकडा जातो, गुंठ्याच्या एक तृतीयांशाहून थोडा जास्त. एका घराला हे फार नाही. पण त्याच घराभोवती २०० फूट लांब, पाच फूट उंच चिऱ्याचे कंपाउंड घातले की आणखी १२४० नग, म्हणजे जवळजवळ अर्धे घर. ते घालू नका. खाणीवर टाकून दिलेले तुटके नग आणि तुकडे रचून कोरडा गडगा घाला. तो पावसाचे पाणी अडवून धरत नाही, त्यातून सरडे-बेडूक ये-जा करतात, आणि कोसळला तर घरची माणसे पुन्हा रचू शकतात.

खाण चिकणमातीपर्यंत खोदली की दोन गोष्टी घडतात. पाणी साठवणारा जांभा निघून गेल्याने त्या बाजूचे झरे लवकर आटतात. आणि उघडी पडलेली माती पहिल्या पावसात लाल-पिवळा गाळ होऊन पऱ्याने (ओढ्याने) खालच्या मळ्यात उतरते, भाताच्या रोपांवर बसते. सोडून दिलेल्या खाणीत पावसाळ्यात पाणी भरते. चारही बाजू सरळ उभ्या कापलेल्या असल्याने आत पडलेल्या गुराला किंवा मुलाला वर यायला जागाच नसते. खाण सोडताना एका बाजूला उताराचा रस्ता ठेवणे, कडेने तुकड्यांचा गडगा घालणे, तळाला चुरा आणि वर सुरुवातीला काढून ठेवलेली तांबडी माती पसरणे, ही कामे त्याच यंत्रसामग्रीने होतात. त्यासाठी वरची माती पहिल्या दिवसापासून वेगळी साठवावी लागते. ती चुऱ्यात मिसळली की पुन्हा गवत धरत नाही.

सड्यावर वरून काहीच नसल्यासारखे वाटते ते उन्हाळ्यात. जूनमध्ये त्याच कातळाच्या खळग्यांत पाणी साठते आणि दिपकाडी फुलते. ही पांढऱ्या फुलांची कंदवर्गीय वनस्पती मुख्यतः कोकणातच आढळते. आणि कातळावरच माणसांनी प्राचीन काळी कोरलेली शिल्पे आहेत. उक्षी, जांभरुण, कशेळी, रुंढे तळी, देवीहसोळ, बारसू, देवाचे गोठणे, सिंधुदुर्गातले कुडोपी आणि गोव्यातले फणसामाळ, अशी नऊ ठिकाणे २०२२ साली युनेस्कोच्या संभाव्य वारसायादीत गेली. कशेळीचा हत्ती सुमारे १८ मीटर लांब आहे. या खोदरेषा उथळ असतात, मातीच्या पातळ थराखाली आणि गवतात झाकलेल्या असतात, आणि जेसीबीचा एक फटका त्यांना पुरतो. म्हणून खाण सुरू करण्याआधी वरची माती यंत्राने न ओरबाडता फावड्याने आणि झाडूने काढून पाहिली पाहिजे. सरळ किंवा वळणदार खाच दिसली की काम थांबवून पुरातत्त्व खात्याला कळवायचे. गावातल्या गुराख्यांना अशा जागा बहुतेक वेळा माहीत असतात. त्यांना विचारायला पैसे लागत नाहीत.

खाणवाल्याला विचारायचे प्रश्न

चिरा हे गौण खनिज आहे. रॉयल्टीची पावती आणि वाहतुकीचा परवाना गाडीबरोबर मागा. नसेल तर माल स्वस्त असला तरी नको. परवाना किती क्षेत्राचा आहे ते विचारा, आणि खाणीवर उभे राहून ते क्षेत्र ओलांडलेले नाही ना ते पाहा. कितव्या थरापर्यंत कापणार? चिकणमाती लागण्याआधी एक तरी थर सोडणार का? वरची माती कुठे रचली आहे? जवळची विहीर किती अंतरावर आहे? उत्तरे देताना खाणवाला सरळ बोट दाखवून रचलेली माती दाखवत असेल तर त्याच्याकडून चिरा घ्या, दोन रुपये जास्त पडले तरी. अशा खाणीत कामाची शिस्त असते आणि खालच्या थराचा कच्चा माल चांगल्यात मिसळून येण्याची शक्यता कमी.

खाणी पावसाळ्यानंतर सुरू होतात. नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये माल ठरवून जानेवारी ते एप्रिलमध्ये बांधकाम करणे सोयीचे. मे महिन्यात सगळ्यांनाच घाई असते, आणि त्या घाईत ओला, पिवळा, बद्द वाजणारा सगळा माल खपतो.

जुना चिरा

सर्वांत चांगला चिरा मात्र खाणीत नसतोच, तो पडक्या घरात असतो. मातीत किंवा चुन्यात बांधलेली जुनी भिंत वरून एकेक थर उतरवली तर चिरे अखंड सुटतात. कित्येक पावसाळे खाल्लेला तो माल पुरता पक्का झालेला असतो, आणि त्याच्यासाठी सड्यावर नवा खड्डा पडत नाही. सिमेंटमध्ये बांधलेली भिंत पाडली तर निम्म्याहून अधिक नग सांध्याबरोबर फुटतात. नव्या भिंतीचा माल बेताचाच कडक ठेवण्याचे हे आणखी एक कारण.

जुने चिरे घेताना तीन गोष्टी बघा. माप : हाताने तासलेले नग लांबी-रुंदीला मोठे आणि असमान असतात, ते नव्या चिऱ्यात मिसळता येत नाहीत, त्यांची भिंत वेगळी धरा. मीठ : जोत्याजवळच्या दोन-तीन थरांतले नग लोणा लागलेले असू शकतात, ते वेगळे काढून एक पावसाळा उघड्यावर धुऊ द्या, नाहीतर गडग्याला वापरा. वाळवी : मातीच्या सांध्यांतून तिचे रस्ते गेलेले असतात, म्हणून प्रत्येक नगाची सगळी तोंडे खराट्याने घासून, भोकांतली माती पाण्याच्या धारेने काढून, आठवडाभर उन्हात उभे करून ठेवा. घासताना तारेचा ब्रश वापरू नका. दगडावर आलेले कडक कवच त्याने निघून जाते, आणि ते पुन्हा यायला परत तितकेच पावसाळे लागतात.